मानाची फरशी

होईलकाकांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर पितळी अक्षरांत आहे, पण ते वाचायची तसदी आजवर कुणी घेतलेली नाही. काका, जिन्यातला दिवा गेलाय. "होईल!" काका, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या देव्हाऱ्यात टपकतंय. "होईल की! त्यात काय!" टेलिफोन खात्यात तक्रारीच्या खिडकीवर ज्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, त्यांच्या तोंडी दुसरं काय येणार? आणि म्हणायचे असं गोड, की समोरचा माणूस फोन दुरुस्त झाल्याच्या आनंदात घरी जायचा. फोन दुरुस्त होणं ही वेगळी बाब. असा माणूस निवृत्त झाला की सोसायटी त्याला सेक्रेटरी करते. आमच्या सोसायटीनंही तेच केलं.

आता इमारतीमागची जागा. जागा नगरपालिकेची, पण राडारोडा आमचा. गेल्या रंगकामातले डबे, कुणाचा तरी तुटका कमोड, आणि एक सोफा, ज्यावर मांजरांची तिसरी पिढी नांदत होती. अध्यक्षांच्या मते तिथे पार्किंग व्हावं. अध्यक्षांच्या दोन गाड्या, त्यामुळे विचार सार्वजनिक हिताचाच होता. पण उद्यान खात्यानं कळवलं, की मुलांसाठी खेळायची जागा करणार असाल तर आधी तुम्हाला. साहेब पाहणीला येतील तेव्हा काम पसंत पडलं तर जागा कायमची मुलांची, नाहीतर पार्किंगचा अर्ज आहेच.

आणि इथे काकांची लेक कथेत येते. लेक बागा आणि मैदानांची आखणी करायचं शिक्षण घेऊन नुकतीच एका ऑफिसात लागली होती. तिथे तिला दुसऱ्यांच्या नकाशावर झाडांचे गोल काढायला बसवलं होतं. एकट्या तिनं आखलेलं असं काही अजून जमिनीवर उतरलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, ही जागा मी करते. माझं पहिलं काम. फक्त माझं." काका म्हणाले, "होईल!" हे तरी त्यांनी मनापासून म्हटलं. छाती अशी फुगली, की शर्टाचं वरचं बटण गेलं ते गेलंच.

तिनं जेवणाच्या टेबलावर सगळ्या वाट्या मांडून आपली कल्पना समजावली. उपडी वाटी म्हणजे निळी फरशी, उताणी म्हणजे पांढरी. पहिल्या ओळीत सगळ्या उताण्या, मधोमध एक उपडी. खालच्या ओळीतली प्रत्येक वाटी वरच्या दोघींच्या सांध्याखाली, विटा रचतात तशी.

"आता बघा. कुठलीच फरशी सगळं चित्र बघत नाही. ती फक्त वरच्या दोघी शेजारणींकडे बघते. दोघी सारख्या असल्या तर आपण पांढरी. वेगळ्या असल्या तर आपण निळी. बस्स, एवढाच नियम."

"आणि चित्र कोण काढतं?" काकांनी विचारलं.

"कुणीच नाही. कॉम्प्युटरला एवढा नियम दिला की तो ओळीखाली ओळ लावत जातो आणि चित्र आपोआप होतं. मोठ्या त्रिकोणात छोटे, छोट्यांत आणखी छोटे. मोठ्या पांढऱ्या जागांमध्ये वाळूचा हौद, झोका, घसरगुंडी बसते. निळ्यांवर मुलं उड्या मारतील."

"आपोआप होतं!" काकांना भरून आलं. "अगं, मी जन्मभर लोकांना हेच सांगत आलो. कुणी विश्वास ठेवला नाही."

"झालं असेल तर वाट्या द्या," काकू म्हणाल्या. "की आज जेवणही आपोआप होणार आहे?"

सोसायटीच्या सभेत काकांनी हा नियम स्वतःच्या शब्दांत मांडला. "सोपं आहे. वरच्या दोघांचं एकमत असेल तर पांढरी, मतभेद असेल तर निळी."

"मग निळ्याच जास्त मागवा," खजिनदार म्हणाले. या इमारतीत ते बरीच वर्षं राहतात.

तळमजल्यावरच्या हरकतकाकूंनी हरकत घेतली. त्यांनी हरकत घेतली नाही अशी सभा झाल्याचं कुणाला आठवत नाही. मागं त्यांच्याच अभिनंदनाच्या ठरावाला त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या होत्या. "फरशीनं शेजाऱ्याकडे का बघायचं? ज्यानं त्यानं आपापलं बघावं. माझ्या खिडकीखाली बघाबघी नको." एकानं मोर काढायला सुचवलं. दुसरा म्हणाला, मोर नको, त्याच्या भाच्याच्या शाळेत मोर काढला होता तर तो बदकासारखा दिसायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून काकांना विचारलं, "पण हे होईल ना?" पुढचं सांगायला नको.

उद्यान खात्यात वेगळीच तऱ्हा. साहेबांनी लेकीचे कागद उलटेपालटे करून पाहिले. "नक्षी कुठली? फुलांची, पानांची की साधी?"

"नक्षी नाहीये सर, नियम आहे," लेक म्हणाली.

"नियम करायचं काम खात्याचं. तुम्ही नक्षी आणा."

काकांनी तक्रारीच्या खिडकीची दुसरी बाजू आयुष्यात प्रथमच पाहिली आणि त्यांना घाम फुटला. पण लेक हटेना. तिनं साहेबांच्या टेबलावरच्या टाचण्या आणि खोडरबरं घेऊन ओळी लावायला सुरुवात केली. साहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग ओळींकडे बघायला लागले, मग म्हणाले, "थांबा, ही मी लावतो." शिपाई चहाचे रिकामे पेले न्यायला आला तर त्याला हात लावू देईनात, कारण पेलेही आता चौथ्या ओळीत गेले होते. अखेर त्यांनी लेकीचं चित्र बाजूला सारलं. "चित्रबित्र मंजूर करायची सोय आमच्याकडे नाही. मी वाक्य मंजूर करतो." आणि डोळे मिटून, शब्द चघळत त्यांनी ते सांगितलं: "वरील दोन फरश्या समान असल्यास खालील फरशी पांढरी व भिन्न असल्यास निळी बसविण्यात यावी." स्वतःच्याच वाक्यावर ते इतके खूश झाले, की परत एकदा म्हणाले.

इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. मग लेकीला तिच्या ऑफिसनं आठवडाभर परगावच्या कामावर पाठवलं. जाताना ती दारातून परत आली आणि म्हणाली, "बाबा, एकच लक्षात ठेवा. पहिल्या ओळीत निळी एकच. मधोमध. बाकी मिस्त्री नियमानं करतील."

"होईल गं! तू निश्चिंत जा."

मिस्त्री म्हणजे फरशी बसवणारे, तोंडात कायम एक खिळा धरून बोलणारे गृहस्थ. त्यांना नियम कळायला अजिबात वेळ लागला नाही. "म्हणजे भांडण तिथे निळी," ते म्हणाले आणि सूत ओढायला लागले.

अडचण फरशीची नव्हती, अध्यक्षांची होती. अध्यक्ष पार्किंगच्या दुःखात होते आणि बाल्कनीतून मैदानाकडे अशा नजरेनं बघत, की सिमेंट वाळायचं थांबावं. काकांना वाटलं, माणसाला जरा मान दिला की विरघळेल. वर जाऊन ते म्हणाले, "पहिली निळी फरशी तुमच्या हस्ते बसवावी म्हणतो. मानाची फरशी."

अध्यक्ष खरंच विरघळले. लगेच कुठला कोट घालायचा ते बायकोला विचारायला गेले.

पण मान ही चीज अशी आहे, की एकाला मिळाला की दुसऱ्याचा आपोआप गेलेला असतो. जिन्यातच खजिनदारांनी काकांना गाठलं. "फरश्यांचे चेक कोणी लिहिले? अध्यक्षांनी? नाही, नुसतं विचारतोय." काका म्हणाले, "तुमचीही एक मानाची! होईल की." तळमजल्यावर हरकतकाकू दार अर्धं उघडून उभ्याच होत्या. आपण हरकत मागे घेत नाही आहोत, पण मानाची फरशी ठेवणार असाल तर महिलांना डावलल्याची वेगळी हरकत घेण्यात येईल, असं त्यांनी सांगितलं. काका म्हणाले, "होईल." घरी येऊन त्यांनी हे सगळं हसत हसत काकूंना सांगितलं आणि चूक केली. काकू हसल्या नाहीत. "सगळ्या जगाला मान. माझं आपलं लग्नात गळ्यात हार घातलात तेवढंच."

आता सांगा, काका काय म्हणणार?

मुहूर्ताच्या दिवशी चौघंही नटूनथटून आले. काकांच्या मनात होतं की अध्यक्षांच्या हातून निळी बसवावी आणि बाकीच्यांना पांढऱ्या द्याव्यात. पण खजिनदारांनी हातातली फरशी उलटीपालटी करून विचारलं, "आमची पांढरी का?" हरकतकाकू म्हणाल्या, "पांढरी ही मानाची असते हे मी तरी ऐकलेलं नाही." काकूंनी आपली पांढरी फरशी काकांच्या हातात परत ठेवली, आणि ते सर्वांत वाईट होतं. मिस्त्रींनी तोंडातला खिळा काढला. "काका, ताई एकच निळी म्हणाल्या होत्या."

काका म्हणाले, "अहो, एका फरशीनं काय होतंय!"

जो जिथे उभा होता तिथे त्यानं आपापली निळी बसवली. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी फोटोसाठी परत एकदा बसवली.

पुढचे दिवस मिस्त्री इमानेइतबारे वर बघून खाली फरशी लावत गेले. भांडण तिथे निळी. काका रोज सकाळ-संध्याकाळ हात मागे बांधून पाहणी करत. लॉबीत लेकीनं लावलेल्या चित्रात एक देखणा त्रिकोण होता. इथे पहिल्या ओळीतल्या चार जागांहून चार त्रिकोण निघून एकमेकांत घुसले होते. कुठे निळ्यांची झुंबड, कुठे भलतीकडेच पांढरं मैदान. काका स्वतःची समजूत घालत, ओलं आहे तोवर असंच दिसतं. त्यात निळ्या फरश्या संपल्या. दुकानदार म्हणाला, ती निळी आता बंद झाली, ही घ्या, जरा गडद आहे, डोळे बारीक करून बघितलं की फरक कळत नाही. म्हणून काका ते अर्धं मैदान डोळे बारीक करून बघायला लागले.

लेक आली ती बॅग घेऊन थेट मैदानात. शेवटची ओळ बसली होती. तिनं खालपासून वर नजर नेली आणि पहिल्या ओळीवर थांबली.

"चार?"

काकांनी अध्यक्ष, खजिनदार, हरकतकाकू असं सांगायला सुरुवात केली आणि "तुझी आई" म्हणताना आवाज इतका बारीक झाला, की मिस्त्रींनी मान वळवून बघितलं.

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जगाला हो म्हणता आणि भोगते मी. लहानपणी माझ्या स्नेहसंमेलनाला येणार होतात आणि कुणाचा तरी फोन जोडायला गेलात. तेव्हा तुम्ही त्यालाही होईल म्हणाला होतात आणि मलाही. ठीक आहे. पण हे माझं पहिलं काम होतं."

ती वर गेली. काका तिथेच फरशीवर बसले. तक्रारीच्या खिडकीवर लोकांनी त्यांना काय काय म्हटलं होतं, एकदा तर एकानं रिसीव्हरच फेकून मारला होता; पण असं कधी लागलं नव्हतं. बसायला जागा मिळाली ती नेमकी अध्यक्षांच्या त्रिकोणात, हेही त्यांना लागलं.

बऱ्याच वेळानं ते वर गेले तर लेक कॉम्प्युटरसमोर, आणि काकू तिच्या मागे. कॉम्प्युटरवर चार त्रिकोण एकमेकांत शिरलेले. काकांनी डोळे बारीक केले, मग मोठे केले. मैदानात होतं तेच चित्र, फरशीला फरशी.

"मी पहिल्या ओळीत चार निळ्या टाकल्या," लेक म्हणाली. राग होताच, पण आवाजात आणखीही काहीतरी होतं. "मिस्त्रींची एकही चूक नाही. नियम सगळीकडे पाळलाय. आणि बाबा, हे... हे माझ्या चित्रापेक्षा चांगलं आहे. माझ्यात सगळं एकसारखं येत होतं. इथे बघा, दोन त्रिकोण भेटतात तिथे निळीशेजारी निळी आली की खाली पांढरी होते. केवढी जागा झालीय! हौद इथे येईल, झोका त्या बाजूला." ती भरभर जागा बदलत होती. मग एकदम थांबली. "पण उद्या पाहणी आहे. आता एकाही फरशीला हात लागता कामा नये. कुणीही मागितलं तरी."

काकांनी तोंड उघडलं.

"आणि होईल म्हणू नका," लेक म्हणाली.

पाहणीच्या दिवशी अख्खी सोसायटी मैदानात. साहेब आले, छत्री काखेत. अध्यक्षांनी स्वागत केलं आणि त्याच दमात म्हणाले, "लॉबीतल्या चित्रासारखं नाही हं हे साहेब, आधीच सांगून ठेवतो."

"चित्र मी मंजूर केलेलंच नाही," साहेब म्हणाले. "मी वाक्य मंजूर केलंय." आणि ते त्यांनी म्हटलं, अख्खं, "बसविण्यात यावी" सकट. मग छत्रीच्या टोकानं ते एकेक फरशी तपासायला लागले. "वर समान... पांढरी. वर भिन्न... निळी. ठीक." मागून आमची सगळी वरात. थोड्या वेळानं पोरंही साहेबांबरोबर ओरडायला लागली. खजिनदार आपला त्रिकोण कुठवर जातो ते बायकोला बोटानं दाखवत होते. हरकतकाकू आपल्या त्रिकोणावर पाय देणाऱ्याला बाजूला व्हायला सांगत होत्या.

मैदानाच्या मध्यावर अध्यक्ष अडून उभे राहिले. तिथे त्यांच्या त्रिकोणाची कड खजिनदारांच्या त्रिकोणाला भिडत होती आणि नेमकी त्यांच्या पायाशी एक फरशी पांढरी होती.

"साहेब, इथे एक निळी राहिलीय. माझी ओळ इथे तुटते. खजिनदारांमुळे. एवढी एक बदलून टाकू, लगेच." ते काकांकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नाहीतर पार्किंगचा अर्ज माझ्याकडे तयारच आहे. काय सेक्रेटरी, होईल ना?"

सगळे काकांकडे बघायला लागले. कुणालाच शंका नव्हती. मिस्त्री तर फरशी काढायच्या छिन्नीकडे बघत होते. काकांच्या ओठांनी सवयीनं "हो"चा आकार घेतलासुद्धा. त्यांनी लेकीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. त्या पांढऱ्या फरशीकडे बघत होती, गाडी सुटताना निरोपाला आलेलं माणूस बघतं तशी.

"नाही," काका म्हणाले.

"काय?"

"नाही होणार." काकांनी बोटानं वरच्या दोन फरश्या दाखवल्या. "वरच्या दोन्ही निळ्या आहेत. समान. म्हणजे खालची पांढरी. ती पांढरीच राहणार."

"अहो, एका फरशीनं काय होतंय!"

"काय होतंय?" काकांचा आवाज एकदम चढला. जिन्यातल्या दिव्यासाठीही तो कधी चढला नव्हता. "काय होतंय ते मला विचारा! हे सगळं मैदान बघा. इथून तिथवर! एकाच्या जागी चार झाल्या म्हणून झालंय हे सगळं, आणि ते माझ्यामुळे झालंय. माझ्या लेकीनं ते निस्तरलंय आणि असं निस्तरलंय की तुम्ही सगळे आपापला त्रिकोण मिरवताय. आता इथली एक फरशी हलणार नाही. मला सेक्रेटरी ठेवायचं नसेल तर नका ठेवू."

मिस्त्रींनी छिन्नीवरची नजर काढून घेतली. काकू पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. साहेब वाकले, छत्रीचं टोक आधी डाव्या निळीवर टेकवलं, मग उजव्या निळीवर, मग अध्यक्षांच्या पायाशी.

"समान. पांढरी," ते म्हणाले. "बरोबर आहे. अध्यक्षसाहेब, जरा पाय काढता?"

अध्यक्षांनी पाय काढला. हरकतकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही." सोसायटीच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकू आलं आणि खजिनदारांनी खात्री करून घ्यायला परत विचारलं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला साहेबांना चांगलाच वेळ लागला, पण ते पोचले, आणि जागा मुलांची झाली.

आता तिथे वाळूचा हौद आहे, झोका आहे, आणि पोरांचा एक खेळ आहे ज्यात आधी वर बघायचं आणि मग खाली उडी मारायची. फाटकावर पाटी लागली, "रचना" आणि पुढे लेकीचं नाव. काका ते नाव येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतात, पोस्टमनला तर दोनदा. तिच्या ऑफिसातले वरिष्ठ बघायला आले आणि त्यांनी विचारलं, चार बिंदूंची कल्पना कुठून सुचली? लेक म्हणाली, "ती माझ्या बाबांची." काका पाटीमागे उभे होते. त्यांनी नाक शिंकरलं आणि धुळीला दोष दिला.

पाहणीच्या त्या संध्याकाळची गोष्ट तेवढी राहिली. काका बाल्कनीत उभे राहून खाली बघत होते. दिवसभर ज्याला त्याला त्यांनी तो प्रसंग सांगितला होता, "मग मी म्हटलं, नाही!" हे म्हणताना दर वेळी मान आणखी जरा ताठ होत होती. शब्दाची चव त्यांच्या जिभेवर चांगलीच रेंगाळली होती. दिव्याची तक्रार घेऊन आलेल्या वरच्या मजल्यावरच्यांना नाही म्हणून झालं होतं. तेवढ्यात काकू कप घेऊन बाहेर आल्या.

"चहा घेणार?"

"नाही!" काका ताठ मानेनं म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि कप घेऊन आत गेल्या.

काका तसेच उभे राहिले. आता परत मागणं बरं दिसलं नसतं. खाली पोरं ओरडत होती, "सारख्या तर पांढरी!" मग मागे चप्पल वाजली. लेक आपला कप घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. तिनं अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी त्यांच्यापुढे धरली.